फॉरमॅट मारू की नको? अहवालांचं काम तोंडावर आणि मशीन अडकतंय

अक्षरजुळणी | सोमवार, रात्री १०:५२

मंडळी, सल्ला हवाय. मी लालबागला घरून डीटीपीचं काम करते. मंडळांची पावती पुस्तकं, अहवाल, अधूनमधून लग्नपत्रिका. यंदा अधिक ज्येष्ठामुळे गणपती थेट सप्टेंबरच्या मध्यावर गेलेत म्हणून अजून थोडी उसंत आहे, पण जाहिरातींची पानं यायला लागलीत.

मशीन जुनं आहे. चौथ्या पिढीतला आय३, ८ जीबी रॅम, ५०० जीबीची साधी हार्ड डिस्क, विंडोज १०. हल्ली त्याची लक्षणं ठीक दिसत नाहीत. चालू केलं की डेस्कटॉप येतो, पण चहा उकळून गाळून होईपर्यंत एकही आयकॉन उघडत नाही. जाहिराती बनवायच्या कोरल सॉफ्टवेअरमध्ये फाइल सेव्ह करताना पडदा पांढराफटक होतो आणि वर 'नॉट रिस्पॉन्डिंग'. '२०२३ जाहिराती' नावाचं एक फोल्डर आहे, त्यात गेलं की हमखास अडकतं. मध्ये मशीन बंद पाडणारा निळा पडदाही येऊन गेला. अँटिव्हायरस फिरवला, काही सापडलं नाही. टेम्प फाइल्स उडवल्या, फरक शून्य.

नेहमीच्या कॉम्प्युटरवाल्याला फोन केला तर मशीन न बघताच म्हणाला, "विंडोज करप्ट झालंय ताई, फॉरमॅट मारू, संध्याकाळपर्यंत देतो." म्हणजे सगळं पुसून विंडोज नव्याने टाकायचं. माझा जीव अडकलाय फॉन्टमध्ये. मराठी टायपिंगचं श्रीलिपी आहे, पानं लावायचं पेजमेकर ७ आहे, शिवाय वर्षानुवर्षं इकडून तिकडून जमवलेले फॉन्ट. पेजमेकरची सीडी घरात आहे, पण सीडी ड्राइव्ह कधीच राम म्हणून गेलाय.

मारू का फॉरमॅट? की त्याआधी काही बघायचं असतं?

उडाणटप्पू

मारा. एवढा विचार कसला करायचा? मी दर दिवाळीला घराच्या साफसफाईबरोबर फॉरमॅट मारतो, मशीन नव्यासारखं पळतं. विंडोज टाकायचं मीडिया क्रिएशन टूल उतरवा, ८ जीबीचा पेन ड्राइव्ह घ्या, तासाभराचं काम. लायसन्सची काळजी नको, ते मदरबोर्डशी बांधलेलं असतं. नेट लागलं की आपोआप ॲक्टिव्हेट होतं.

पेंग्विन_पार्ले

उडाणटप्पू, तुमच्या मशीनवर गाणी आणि गेम. ताईंच्या मशीनवर लोकांची कामं आहेत.

ताई, विंडोज बिघडलं की त्रास सगळीकडे सारखा होतो. ठरावीक फोल्डर उघडलं की हमखास अडकतं, हे मला डिस्कचं लक्षण वाटतं. एक सोपी तपासणी करा. मशीन अडकलं की कंट्रोल-शिफ्ट-एस्केप दाबून टास्क मॅनेजर उघडा आणि परफॉर्मन्समध्ये डिस्कवर क्लिक करा. 'ॲक्टिव्ह टाइम' १०० टक्के आणि त्याच वेळी वाचण्याचा वेग अगदी चिल्लर, काही केबी, असं दिसतंय का? आणि 'ॲव्हरेज रिस्पॉन्स टाइम' किती मिलिसेकंद? धडधाकट फिरत्या डिस्कचा तो दोन आकड्यांत असतो. हजारांत गेला असेल तर डिस्क एकाच जागेवर पुन्हा पुन्हा डोकं आपटतेय.

दुसरं, इव्हेंट व्ह्यूअर ही विंडोजची नोंदवही उघडून 'सिस्टिम'मध्ये सोर्स 'डिस्क' शोधा. इव्हेंट ७ म्हणजे बॅड ब्लॉक, डिस्कवरची खराब जागा. १५३ म्हणजे वाचायला गेलं, जमलं नाही, परत प्रयत्न केला.

कर्जत_स्लो

निळा पडदा म्हणजे फॉरमॅट हे समीकरण लोकांच्या डोक्यातून जाईल तो सुदिन. १९ जुलै २०२४ आठवतोय? क्राउडस्ट्राइक या सुरक्षा सॉफ्टवेअरचं एक चुकीचं अपडेट आलं आणि मायक्रोसॉफ्टच्याच अंदाजाने जगभरात ८५ लाख विंडोज मशीन निळी पडली. इलाज काय होता? सेफ मोडमध्ये जाऊन एक फाइल उडवायची. आमच्या ऑफिसात त्या शुक्रवारी एकाने उत्साहाच्या भरात दोन लॅपटॉप फॉरमॅट करून ठेवले, त्यांच्या मालकांनी पुढचा आठवडा त्याला कँटीनमध्ये बसू दिलं नाही.

पडद्यावर खाली जे इंग्रजी नाव येतं त्याचा मोबाइलने फोटो काढा. 'मेमरी मॅनेजमेंट' असेल तर रॅम आधी बघायची. 'डब्ल्यूएचईए'ने सुरू होणारं नाव असेल तर संशय थेट हार्डवेअरवर. 'क्रिटिकल प्रोसेस डाइड' असेल तर विंडोजची फाइलही असू शकते आणि डिस्कही.

ग्रँटरोडचा_मेकॅनिक | मंगळवार, दुपारी ३:१५

मी लॅमिंग्टन रोडला रिपेअरिंगच्या काउंटरवर बसतो, म्हणून आतली गोष्ट सांगतो. फॉरमॅट हा दुकानाच्या सोयीचा इलाज आहे. रेट ठरलेला, वेळ ठरलेला, गिऱ्हाईक समोर उभं. कुठे काय बिघडलंय हे शोधायला दोन तास घातले आणि शेवटी 'केबल सैल होती' असं निघालं, तर त्याचे पैसे कोणी देत नाही. "नुसती केबल लावली आणि एवढे?" हे रोज ऐकतो. मग पोरं सरळ विंडोज टाकून मोकळी होतात. अर्ध्या मशीन्स त्याने खरंच सुधारतात, तेही खोटं नाही. उरलेल्या महिन्याभरात परत येतात आणि तेव्हा डेटा वाचवायची वेळ गेलेली असते.

डिस्क आजारी असताना फॉरमॅट मारणं सगळ्यात वाईट. जुन्या फाइल्स होत्या त्याच जागेवर नवं विंडोज लिहिलं जातं, म्हणजे नंतर रिकव्हरीवाल्याकडे गेलात तरी तो कपाळाला हात लावणार. आणि लिहिताना विंडोज बॅड सेक्टर, म्हणजे डिस्कवरचे खराब कप्पे, टाळून चांगल्या जागेवर बसलं की दोन आठवडे मशीन झकास चालतं, तुम्ही निर्धास्त होता.

तर क्रम असा ठेवा. पहिलं, आज जे चालू काम आहे ते पेन ड्राइव्हवर किंवा गूगल ड्राइव्हवर कॉपी करा. सगळी डिस्क नको, फक्त चालू काम. मग क्रिस्टलडिस्कइन्फो नावाचं फुकट सॉफ्टवेअर टाका आणि ०५, सी५, सी६, सी७ या चार ओळींचे आकडे इथे द्या. सी७ एकटाच वाढलेला असेल तर डिस्कला जोडणारी साटा केबल बदला, शंभर-दोनशे रुपयांत सुटाल. सी५ म्हणजे वाचता न आलेले, निकाल न लागलेले सेक्टर. तिथे शून्याशिवाय काहीही दिसलं तर पुढचं बोलू.

डिस्क स्वच्छ निघाली तर रॅम काढून तिचे सोनेरी पाय खोडरबरने पुसा. मुंबईच्या पावसाळी दमटपणात त्यावर पापुद्रा बसतो, आमच्याकडे जून-जुलैत येणाऱ्या कितीतरी मशीन्स एवढ्यानेच चालू होतात. त्यानंतर रात्रभर मेमटेस्ट, म्हणजे रॅमची तपासणी. तेही पास झालं तर मग विंडोजकडे वळा.

आणि कॅबिनेट जमिनीवर असेल तर उचला. लालबागपासून पावसात तुंबणारं हिंदमाता किती लांब आहे मला माहितेय.

अक्षरजुळणी | मंगळवार, रात्री ११:३०

कॅबिनेट पोटमाळ्याच्या जिन्याखाली फळीवर आहे, पाण्यापासून सुरक्षित.

टास्क मॅनेजरमध्ये पार्ल्याच्या दादांनी सांगितलं तस्संच. १०० टक्के, वेग जवळजवळ शून्य, रिस्पॉन्स टाइम मध्येच सहा हजारांवर गेला. इव्हेंट व्ह्यूअरमध्ये ७ नंबरची रांगच आहे. क्रिस्टलमध्ये वर पिवळ्या रंगात 'कॉशन'. ०५ समोर शून्यं, सी७ समोर शून्यं. सी५ आणि सी६ समोर शेवटी १४८.

१४८ म्हणजे फार आहे का हो?

पेंग्विन_पार्ले

क्रिस्टल हे आकडे मूळ सेटिंगमध्ये दहाऐवजी सोळाच्या पायावर (हेक्समध्ये) दाखवतं. तुमचे १४८ म्हणजे आपल्या हिशेबात २५६ अधिक ६४ अधिक ८, एकूण ३२८ सेक्टर. फार आहेत. आणि ०५ शून्य आहे, म्हणजे डिस्कने अजून एकही सेक्टर बदलून घेतलेला नाही, नुसती अडखळतेय.

उडाणटप्पू

बरं, डिस्क गेलीय हे मान्य. पण मग नवीन एसएसडी आणून तिच्यावर ताजं विंडोज टाकायचं ना? म्हणजे शेवटी माझंच खरं!

कर्जत_स्लो

नवीन डिस्कवर नवीन विंडोज आणि आजारी डिस्कवर फॉरमॅट या दोन गोष्टी एक नाहीत रे बाबा. पहिल्यात जुनी डिस्क शाबूत राहते.

मधला एक मार्गही आहे, तो कोणी बोलला नाही म्हणून सांगतो. डिस्क ठणठणीत असेल आणि फक्त विंडोज बिघडलं असेल, तर आधी डिझम आणि एसएफसी, म्हणजे खराब फाइल्स दुरुस्त करणाऱ्या विंडोजच्याच दोन कमांड. त्याने भागलं नाही तर विंडोजची आयएसओ फाइल (इन्स्टॉलेशन डिस्कची प्रत) उघडून आतलं सेटअप चालू विंडोजमधूनच चालवायचं. 'फाइल्स आणि ॲप्स ठेवा' म्हटलं की विंडोज स्वतःला नव्याने बसवतं, सॉफ्टवेअर आणि सेटिंग तशीच. सेटिंग्जमधल्या 'रीसेट धिस पीसी'मध्ये 'कीप माय फाइल्स' असतं, ते वेगळं. त्यात तुमचे डॉक्युमेंट राहतात, पण टाकलेली सॉफ्टवेअर सगळी जातात. श्रीलिपी, पेजमेकर, सगळं. बरेच जण तिथे फसतात.

ताईंच्या बाबतीत हे सगळं नंतर. मरणाऱ्या डिस्कवर डिस्क तपासणारं चेकडिस्क, एसएफसी काहीच चालवू नका.

जुना_कंपोझिटर | बुधवार, सकाळी ६:२०

अक्षरजुळणी, बाळा, मी गिरगावात छपाईचे खिळे जुळवण्यापासून या धंद्यात आहे, पेजमेकर आला तेव्हा आमच्या प्रेसमध्ये पहिल्यांदा मीच बसलो. इथे सगळे डिस्कवर बोलताहेत, फॉन्टवर कोणी बोलत नाही.

आपल्या जुन्या फाइल्स युनिकोड नाहीत. श्री-देव-०७१४ मध्ये केलेला अहवाल तो फॉन्ट नसलेल्या मशीनवर उघडलास तर 'श्री गणेशाय नमः' ऐवजी रोमन अक्षरांची भेळ दिसते. मजकूर फाइलमध्ये शाबूत असतो, पण वाचता येत नाही. म्हणून फाइलइतकाच फॉन्ट जपायचा.

फॉन्ट दोन ठिकाणी असतात. विंडोजच्या फॉन्ट्स फोल्डरमध्ये असतात हे सगळ्यांना ठाऊक आहे. पण विंडोज १० मध्ये २०१८ च्या शेवटापासून फॉन्टवर डबल क्लिक करून 'इन्स्टॉल' म्हटलं की तो फक्त त्या वापरकर्त्यापुरता बसतो आणि त्याची फाइल युजरच्या ॲपडेटामध्ये, लोकल, मायक्रोसॉफ्ट, विंडोज, फॉन्ट्स अशा लपलेल्या वाटेवर जाते. नुसतं पहिलं फोल्डर कॉपी केलंस तर अलीकडचे सगळे फॉन्ट मागे राहतील, आणि ते ऐन छपाईच्या दिवशी लक्षात येईल.

श्रीलिपी यूएसबी लॉकवर चालतं की ॲक्टिव्हेशनवर? लॉक असेल तर निम्मी चिंता गेली. कीबोर्ड कोणता वापरतेस त्याचाही स्क्रीनशॉट काढून ठेव. बोटं एका लेआउटला बसलेली असतात, नव्या मशीनवर दुसरा आला की हात बांधल्यासारखे होतात.

अक्षरजुळणी

काका, यूएसबी लॉकच आहे, मागच्या पोर्टला लावलेलं. दुसऱ्या फॉन्ट फोल्डरचं मला अजिबात ठाऊक नव्हतं. आत्ता उघडून बघितलं तर तिथे गेल्या दोन-तीन वर्षांचे सगळे कॅलिग्राफी फॉन्ट बसलेत! पेन ड्राइव्हवर घेतले. जाहिरातींचं फोल्डर सोडून चालू कामही घेतलं.

आता जुन्या डिस्कची जशीच्या तशी नक्कल, म्हणजे क्लोन, करू की विंडोज नवीन टाकू?

पेंग्विन_पार्ले

क्लोन. पण विंडोजमधल्या क्लोनिंग सॉफ्टवेअरने नको, बॅड सेक्टर आला की त्यातली बरीच अर्ध्यावर रडतात. लिनक्सच्या लाइव्ह पेन ड्राइव्हवरून, म्हणजे डिस्कवरचं विंडोज न उघडता, मशीन सुरू करा आणि डीडीरेस्क्यू वापरा. ते आधी सहज वाचता येणारा भाग भराभर उचलतं, अडलेली जागा सोडून पुढे जातं आणि सगळ्यात शेवटी त्या सोडलेल्या जागांकडे परत येतं. आजारी डिस्कला हेच मानवतं.

दोन गोष्टी डोळ्यांत तेल घालून. एक, कुठून आणि कुठे. दोन्हींची अदलाबदल झाली तर कोऱ्या डिस्कची नक्कल तुमच्या कामावर बसेल. आधी दोन्ही डिस्कचे मॉडेल नंबर यादीत बघा, कागदावर लिहा, मगच एंटर. दोन, त्याची मॅपफाइल, म्हणजे कुठवर वाचलं त्याची नोंद, दुसऱ्या पेन ड्राइव्हवर ठेवा. लाइव्ह लिनक्समधलं सगळं रॅममध्ये असतं, मध्येच लाइट गेली तर मॅपफाइलही जाईल आणि पहिल्यापासून सुरुवात. पेन ड्राइव्हवर असेल तर जिथे थांबलं तिथून पुढे.

ग्रँटरोडचा_मेकॅनिक

एसएसडी घेताना ४८० जीबीची घेऊ नका! तुमची डिस्क ५०० ची आहे. नक्कल सेक्टरला सेक्टर असते, छोट्या डिस्कवर शेपूट बाहेर राहतं. ५०० किंवा ५१२ घ्या, जमलं तर १ टीबी. काउंटरवर पोरगं "काय फरक पडतो ताई" म्हणेल, ऐकू नका. भाव गेल्या दिवाळीपासून चढलेत, म्हणून बिलावाचून स्वस्तात मिळणारा माल कोणी पुढे केला तर हात लावू नका. बिल आणि वॉरंटी बघूनच घ्या. रविवारी येऊ नका, बरीच दुकानं बंद असतात. ग्रँट रोड ईस्टला उतरून चालत पाच-सात मिनिटं.

क्लोन झाल्यावर जुनी डिस्क काढून ठेवा, मगच विंडोज चालू करा. दोन्हींची सही, म्हणजे डिस्कची ओळखखूण, एकच असते, दोन्ही जोडलेल्या राहिल्या तर विंडोज गोंधळतं आणि एकीला ऑफलाइन टाकतं.

कर्जत_स्लो

एक विरोधी मत नोंदवून ठेवतो. क्लोनमध्ये विंडोजची जी फाइल सडलीय ती सडलेलीच येणार. मी असतो तर नवीन एसएसडीवर ताजं विंडोज टाकलं असतं आणि जुनी डिस्क फक्त डेटासाठी जोडली असती.

जुना_कंपोझिटर

आणि पेजमेकर? २००१ चं सॉफ्टवेअर आहे ते. एकदा चालतंय तर चालू द्यावं. सीझनच्या तोंडावर नवं विंडोज, नवा प्रिंटर ड्रायव्हर आणि जुना पेजमेकर यांची सोयरीक जुळवत बसायला ती काय रिकामी आहे?

अक्षरजुळणी | रविवार, सकाळी ९:०५

झालं! शनिवारी ५१२ ची आणली आणि रात्री डीडीरेस्क्यू लावलं. इन्व्हर्टरवर घेतलं होतं. पहिला मोठा भाग भराभर गेला, मग शेवटचं चिमूटभर राहिलेलं घासत बसलं ते पहाटेपर्यंत. शेवटी ९९.९९ टक्के वाचलं, दीडशे-पावणेदोनशे केबी वाचता आलं नाही.

पेंग्विन_पार्ले

३२८ सेक्टर गुणिले ५१२ बाइट. हिशेब बरोबर जुळतो. आता नव्या डिस्कवर चेकडिस्क, त्यानंतर डिझम आणि एसएफसी. आता बिनधास्त चालवा.

अक्षरजुळणी

चालवलं. एसएफसीने काही खराब फाइल्स सापडल्या आणि दुरुस्त केल्या असं सांगितलं. तेव्हापासून निळा पडदा नाही. चालू केल्यावर मशीन एवढ्या लवकर उठतं की मला आधी वाटलं काहीतरी चुकलंय. श्रीलिपीने लॉक ओळखलं, पेजमेकरने हूं की चूं केलं नाही.

जाहिरातींच्या फोल्डरमधल्या दोन कोरल फाइल्स मात्र उघडत नाहीत. त्यातली एक एका ज्वेलर्सची पूर्ण पानाची जाहिरात आहे, दरवर्षी तीच थोडी बदलून जाते.

जुना_कंपोझिटर

त्याच फोल्डरमध्ये 'बॅकअप ऑफ' असं पुढे लागलेल्या फाइल्स दिसतात का बघ. कोरल सेव्ह करताना आधीची प्रत अशी ठेवत असतं, आपण कचरा समजून उडवत असतो.

अक्षरजुळणी

काका!! ज्वेलर्सची मिळाली. दुसरी नाही मिळाली, पण ती पावपानाची होती, पुन्हा जुळवते.

उडाणटप्पू

अभिनंदन ताई. पण विंडोज १० चा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ लाच संपलाय, ११ टाकायला हवं ना? आता तरी मारा फॉरमॅट.

कर्जत_स्लो

चौथ्या पिढीचा आय३ ११ च्या यादीतच नाही, इंटेलमध्ये आठव्या पिढीपासून पुढे. शिवाय टीपीएम २.० ही सुरक्षेची सोय लागते. पळवाटा आहेत, पण ज्या मशीनवर पोट आहे तिथे नको. घरगुती वापरकर्त्यांसाठी वाढीव सुरक्षा अपडेटची नोंदणी विंडोज अपडेटच्या पानावरच मिळते, २२एच२ आवृत्ती हवी. ती १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंत आहे.

अक्षरजुळणी

नोंदणी आजच करते. नवीन मशीनचं पितृपक्षात बघेन. तेव्हा पत्रिकांची कामं नसतात आणि १३ ऑक्टोबरच्या आत पडतं. सासूबाईंना मात्र पितृपक्षात खरेदी चालणार नाही, त्यांना 'रिपेअरिंग' सांगावं लागेल.

ग्रँटरोडचा_मेकॅनिक

पितृपक्षात काउंटर रिकामा असतो, या निवांत. तोवर जुनी डिस्क पुसू नका, पुठ्ठ्यात गुंडाळून तशीच ठेवा. आणि नंतरही भंगारवाल्याला देऊ नका. पावती पुस्तकांत देणगीदारांची नावं, फोन, पत्ते असतात. देताना आधी ड्रिलने आरपार भोक पाडून मग ई-कचऱ्यात.

वसईचा_विन्या | रविवार, रात्री ११:४८

धाग्यात घुसतोय, सॉरी. माझा लॅपटॉप अपडेटनंतर निळा पडदा दाखवून ४८ आकडी काहीतरी की मागतोय. भावाने सांगितलं फॉरमॅट मार. मारू?

ग्रँटरोडचा_मेकॅनिक

नको!! ती बिटलॉकर या विंडोजच्या कुलपाची रिकव्हरी की आहे, तुझा डेटा कुलपात आहे, गेलेला नाही. दुसऱ्या मोबाइलवरून तुझ्या मायक्रोसॉफ्ट अकाउंटमध्ये जा, बहुतेक तिथे ठेवलेली असते. पडद्यावर कीचा आयडी दिसतोय, त्याचे पहिले आठ आकडे-अक्षरं जुळवून बघ. लॅपटॉप कॉलेजचा किंवा कंपनीचा असेल तर त्यांच्या आयटीवाल्यांना विचार. आणि नवा धागा काढ, मॉडेल लिही.